गोधडी शिवायला बसण्याआधी आणि बसल्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की नाशिकची हवा फिरते आणि गोधडीबद्दल विचारणा सुरू होते. भिशीतल्या ओळखी, भाचीच्या मैत्रिणी, इमारतीतल्या नव्या सुना, सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. मी घरच्यांसाठी आणि ओळखीपाळखीत शिवते, विकत नाही. त्यामुळे धंद्याचे हिशेब इथे सापडणार नाहीत.

सुरुवात डिझाइनपासून करू की कापडापासून?

कापडापासून. कपाट उघडा, माळ्यावरचं गाठोडं खाली काढा आणि काय काय आहे ते पलंगावर पसरा. फोनवर एखादं डिझाइन बघून ते डोक्यात घेतलं की त्याच्यासाठी नवं कापड आणावं लागतं. खळ असलेलं नवं कोरं कापड सहा पदरी घेतलं तर गोधडी ताठ होते, सुई आत शिरता शिरत नाही आणि बोटांची चाळण होते. शंभर वेळा धुतलेल्या सुती कापडाचा मऊपणा दुकानात मिळत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे: गोधडीचं बरंवाईट आतल्या पदरांवर, म्हणजे थरांवर ठरतं. वरचे चौकोन लोकांना दिसतात, फोटोत येतात, म्हणून कौतुक त्यांचं होतं. ऊब, वजन, दोन धुण्यांनंतर ती कशी दिसणार, हे सगळं आतलं काम. वेळ कमी असेल तर वर एक साधी साडी अख्खी घाला, पण आत काहीबाही कोंबू नका.

कुठल्या साड्या चालतात? सुती आहे की नाही हे कसं ओळखायचं?

जुनी लुगडी, मलमल, इरकल, धोतरं, पंचे, सुती लुंग्या, विरलेल्या चादरी, हे सगळं चालतं. आता घरोघरी 'कॉटन' म्हणून ठेवलेल्या साड्यांत सरमिसळ असते, त्यामुळे हाताला मऊ लागली एवढ्यावर जाऊ नका. साडीच्या पदराकडचे दोन-चार धागे ओढून काढा, चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर काडी लावा. सुती धागा कागद जळाल्यासारखा वास देत जळतो आणि मागे बोटाने चुरगळणारी राख राहते. पॉलिस्टर वितळतं, आक्रसतं आणि त्याचा कडक मणी होतो. राखही आणि मणीही, म्हणजे मिश्र कापड.

मिश्र कापड वरच्या तुकड्यांत थोडंफार खपून जातं. आत मात्र नको. ते घाम शोषत नाही, गुळगुळीत असल्यामुळे पदर सरकतात आणि शेजारचं सुती कापड जेवढं आटतं तेवढं ते आटत नाही. मग गोधडीला सुरकुत्या पडतात.

जरीचे काठ कापून बाजूला ठेवा. जर टोचते, आणि धुता धुता तिच्या तारा सुटतात.

आजेसासूबाईंची येवल्याची पैठणी आहे, घडीवर चिरली आहे. गोधडीत घालू का?

नाही. घडीवर चिरलेलं रेशीम टाक्याचा ताण सोसत नाही, सुई गेली की भोक मोठं होत जातं. धड राहिलेला काठ-पदर वेगळा काढून सुती अस्तरावर बसवा आणि भिंतीवर लावा, नाहीतर त्याचा देवासाठी रुमाल करा.

नाशिकमध्ये सामान कुठे मिळतं?

अस्तरासाठी मांजरपाट आणि टू बाय टूचे साधे रंग मेन रोडला आणि कापडपेठेच्या बाजूला मिळतात. जाड सुती दोरा, सुया, मेण, अंगुस्तान (सुई ढकलायला बोटात घालायची टोपी) दहीपूल-मेन रोड भागातल्या शिवणसामानाच्या दुकानांत विचारा. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात एक चक्कर मारायला हरकत नाही, पण तिथे जाताना काडेपेटीची परीक्षा लक्षात ठेवा.

चौकोनांसाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे तुमचा ब्लाउज शिवणारा शिंपी. त्याच्याकडे कात्रणांची पोती असतात. एक रिकामी पिशवी देऊन या आणि दिवाळीची गर्दी ओसरल्यावर आणायला जा. गर्दीत गेलात तर तो ओळख दाखवणार नाही.

जुन्या साड्या बोहारणीला दिल्या, आता काय?

शेजारणीच्या द्यायच्या राहिल्या असतील. आजच विचारा.

माप किती घ्यावं आणि साड्या किती लागतील?

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ठीक, पण गोधडी पाय पाहूनच मापायची. झोपणाऱ्याच्या उंचीत दीड फूट मिळवा, म्हणजे खांद्यावर घेऊन पायाखाली दुमडता येते.

एकट्या माणसाच्या गोधडीचा माझा हिशेब असा. सहावारी साडी साधारण ५.५ मीटर, म्हणजे १८ फूट लांब आणि ४५ इंच पन्ह्याची. तिचे साडेचार-साडेचार फुटांचे चार तुकडे करायचे. दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की साडेचार बाय साधारण सव्वासात फुटांचा एक पदर तयार होतो. म्हणजे एका साडीत दोन पदर आणि तीन साड्यांत सहा. नऊवारी आठ मीटरच्या वर असते, तिच्यात तीन पदर निघतात आणि वाया काही जात नाही. टाके घालताना गोधडी सगळ्या बाजूंनी दोन-तीन इंच आखडते, ते आधीच धरून चाला.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सगळे पदर असेच कापले तर सगळ्यांचे जोड बरोबर एकावर एक येतात. तिथे बारा थरांचा दांडा तयार होतो. सुई अडते आणि झोपल्यावर तो पाठीला लागतो. म्हणून एका आड एका पदरात एका टोकाची वीतभर पट्टी कापायची आणि दुसऱ्या टोकाला जोडायची. जोड आपोआप सरकतो.

किती पदर घ्यावेत?

मऊ साड्यांचे पाच ते सहा. लुगडी फारच विरलेली असतील तर सात. त्याच्या पुढे हाताने शिवणं म्हणजे शिक्षा. नाशिकची थंडी कडक असली, निफाडकडे तर पारा काही हिवाळ्यांत ५ अंशांच्या खालीही उतरतो, तरी दहा पदरांची एक गोधडी करण्यापेक्षा पाच पदरांच्या दोन करा. ऊब पदरांमध्ये अडकलेल्या हवेने राहते, त्यामुळे दोन सैल गोधड्या एका दाबून शिवलेल्या जाड गोधडीला भारी पडतात. शिवाय मार्चमध्ये एक ठेवून देता येते.

आत कापूस घातला तर?

मग ती दुलई झाली. पिंजाऱ्याकडचा मोकळा कापूस छान ऊब देतो, पण धुता येत नाही, एकदा भिजला की त्याचे गोळे होतात. हल्ली रोलमध्ये मिळणारं पॉलिस्टरचं वॅडिंग हलकं असतं आणि मशीनवरच्या कामाला सोयीचं. घ्यायचंच असेल तर पातळ घ्या आणि ओळी चार बोटांपेक्षा लांब ठेवू नका, नाहीतर आतून ते तुटून सरकतं. मला स्वतःला त्याची फुगीर ऊब आवडत नाही. जुनी सुती चादर आत घातली की काम भागतं.

रंग जाणार नाही ना?

जाणार, असं धरूनच चाला. लाल, गडद निळा, जांभळा आणि नवा खण हे नेहमीचे आरोपी. प्रत्येक कापड वेगळं भिजवा, मग ओल्या कापडावर पांढरा रुमाल दाबून घासा. रुमालावर डाग आला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. तरीही येत राहिला तर ते कापड बाजूला ठेवा, कितीही आवडलं असलं तरी. मीठ, व्हिनेगर, तुरटी यांनी रंग पक्का होतो असं सगळ्या सांगतात, पण गिरणीत लागलेल्या आजच्या रंगांवर घरच्या मिठाचा काही इलाज चालत नाही. पूर्वी धुतल्याचा दुसरा फायदा म्हणजे जे आटायचं ते आधीच आटून जातं.

पदर एकमेकांवर नीट कसे अंथरायचे? माझ्या गोधडीला मधोमध फुगा आला.

फुगा टाक्यांमुळे आलाय असं वाटतं, पण त्याची सुरुवात अंथरण्यात असते. पलंगावर अंथरू नका, गादी दबते. फरशी पुसून कोरडी करा. खालचा पदर उलटा पसरवा, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा. वरवंटा, इस्त्री, तांदळाचा डबा, काहीही चालेल. कापड ताणायचं नाही, नुसतं निवांत पडलेलं हवं. प्रत्येक पदर टाकला की मधून बाहेर तळहात फिरवा. हलका पाण्याचा हात लावला की मलमल जागेवर बसते. घाई असेल तेव्हा माणूस तीन पदर एकदम टाकतो आणि मधला पदर आत गुंडाळून बसतो. वरून काही दिसत नाही, टाके मध्यापर्यंत आल्यावरच कळतं.

सगळे पदर पडले की वीतभर अंतरावर कच्चे टाके, मधून चारी बाजूंना. याला एक अख्खी दुपार जाते आणि कमरेचा काटा ढिला होतो, पण ही दुपार वाचवू नका. सेफ्टी पिनाही चालतात, फक्त बारीक घ्या, जाड पिना मलमलीला कायमची भोकं पाडतात.

आलेल्या फुग्याचं काय करायचं? थोडा असेल तर जवळच्या दोन-तीन ओळी उसवा आणि कापड चारी बाजूंना वाटून द्या. मोठा असेल तर सरळ एक चुणी घाला, ती दाबून शिवा आणि वरून चौकोनी ठिगळ लावा. चार कोपऱ्यांत आणखी चार तशीच ठिगळं लावली की नक्षी होते.

टाका कसा घालायचा? सुई-दोरा कुठला?

धावदोरा, दुसरं काही नाही. सगळी करामत तो एकसारखा येण्यात आहे.

दोरा जाड सुती. नायलॉनचा चिवट दोरा जुन्या कापडाला काचतो. कापड आधी फाटतं आणि दोरा तसाच राहतो. लांबी खांद्यापासून बोटापर्यंत, त्याहून लांब घेतला की गुंततो आणि त्याला पीळ पडतो. ओवण्याआधी मेणबत्तीच्या तुकड्यावरून दोनदा ओढून घ्या आणि बोटांच्या चिमटीतून सोडा, जास्तीचं मेण निघून जातं. हातसुईचा नंबर जितका लहान तितकी सुई जाड, मशीनच्या सुईचं बरोबर उलटं. दुकानात हा गोंधळ हटकून होतो, म्हणून नंबर न सांगता 'गोधडीची सुई' मागा. दाभण नको.

गाठ बाहेर ठेवू नका. सुई वरच्या पदरातून इंचभर अलीकडे खुपसा, हव्या त्या जागी बाहेर काढा आणि हलका झटका द्या. टच् असा आवाज होऊन गाठ आत जाते.

आता टाका. उजव्या हाताची सुई तिरपी नव्हे, जवळजवळ उभी खाली जायला हवी. डाव्या हाताचं मधलं बोट गोधडीखाली ठेवा. सुईचं टोक त्या बोटाला जेमतेम लागलं की समजायचं सगळे पदर ओलांडले, आणि तिथूनच ते वर वळवायचं. हे बोट नसेल तर सुई पाचव्या पदरातूनच परत फिरते आणि खालच्या बाजूला टाके गायब होतात. तीन-चार टाके सुईवर भरले की अंगुस्तानाने ढकला आणि दोरा ओढा, पण करकचून नाही. ओढल्यावर टाक्याभोवती बारीक खळी दिसली पाहिजे, चुण्या नाहीत. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. सुरुवातीला मोठा येतो, येऊ द्या, पण निदान सगळे सारखे मोठे येऊ द्या.

ओळी दोन बोटांच्या अंतरावर, काठापासून सुरू करून चौकोनात फिरत आत. आमच्याकडे असंच करतात आणि कोपऱ्यावर दोरा न तोडता वळता येतं. कच्चे टाके पक्के नसतील तर मात्र मधून बाहेर या.

मशीनवर शिवली तर चालेल का? घरी जुनं पायमशीन आहे.

चालेल की. चौकोन जोडायचं काम तर मशीनवरच करा, हाताने जोडत बसण्यात काही पुण्य नाही. जाड पदरांवर टीप मारताना १६ नंबरची सुई लावा, टाका मोठा करा, दाब कमी करा. वरचा पदर पुढे सरकतो ही मुख्य कटकट. विजेच्या मशीनला वॉकिंग फूट मिळतो, तो वरचा आणि खालचा पदर एका वेगाने ओढतो. पायमशीनवर तो बसेलच असं नाही. तिथे ओळी लांब न मारता मध्यापासून कडेकडे मारा आणि गोधडीचा बाकीचा भार शेजारच्या टेबलावर ठेवा. गोधडी टेबलावरून खाली लोंबली की तिच्या वजनाने टीप वाकडी जाते, आणि बिचाऱ्या मशीनला शिव्या बसतात.

मशीनची गोधडी हातशिलाईपेक्षा चपटी आणि कडक लागते. मुलांच्या खोलीत, प्रवासात, रोजच्या मारामारीला ती बरी.

चौकोनांचे कोपरे जुळत नाहीत.

तीन कारणं. एक, पाव इंचाची शिवण कुठे पाव, कुठे अर्धा. प्रत्येक चौकोन दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच गमावतो, म्हणून ६ इंचांचे दहा चौकोन जोडले की ओळ ६० नव्हे, ५५ इंचांच्या आसपास भरते. तुमची शिवण ओळीगणिक बदलली की शेजारची ओळ बसणारच नाही. दोन, उरेब, म्हणजे तिरपे कापलेले तुकडे. कात्रणांत ते हमखास असतात. हाताने ओढून बघा, जे तिरपं ताणतं ते बाजूला ठेवा. तीन, जोडलेली ओळ इस्त्री न करता पुढे जाणं. एका ओळीची शिवण डावीकडे दाबा, पुढच्या ओळीची उजवीकडे, मग कोपरे एकमेकांत अडकून बसतात.

तरीही थोडे सरकतील. रात्री पांघरून झोपल्यावर कोपरे कोण मोजतंय?

आई गेली. तिच्या साड्यांची गोधडी करायची आहे, पण कात्री लावायचा धीर होत नाही.

मग लावू नका. नऊवारी असेल तर तिची लांबीत चौघडी घाला, साधारण पावणेसात फूट बाय पावणेचार फुटांचे चार पदर न कापता मिळतात. तीच आतली गादी. वर आणि खाली दुसरं टिकाऊ कापड घाला. साडी अख्खी राहते, आणि उद्या कुणी टाके उसवले तर जशीच्या तशी बाहेर येईल. सहावारीची तिघडी घातली तर साधारण सहा फूट मिळतात.

वर दिसायलाच हवी असेल तर फक्त साडीच्या पदराचा भाग वर घ्या. आणि पहिलीच गोधडी या साड्यांची करू नका. आधी घरातल्या चादरींची एक करा, हात बसू द्या. भावंडं असतील तर कापण्याआधी त्यांना विचारा, हा सल्ला शिवणाचा नसला तरी. साडीवरून झालेली भांडणं गोधडीने मिटत नाहीत.

बाळासाठी दुपटं शिवायचंय.

तीन पदर पुरे, अडीच बाय तीन फूट. बटण, मणी, लेस, जरतार, काही नाही. सगळं कापड दोनदा धुतलेलं. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना मोकळं पांघरूण घालू नये, ते तोंडावर येऊ शकतं, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणून खाली अंथरायला, मांडीवर घ्यायला, उन्हात खेळवायला वापरा. बारशाला दिलंत तर एवढं आईला सांगून द्या.

तिन्हीसांजेला सुई हातात घेऊ नये म्हणतात, खरं का?

सासूबाई घरात असेपर्यंत खरं. एरवी दिवा चांगला असेल तर शिवा. काळ्या कापडावर काळा दोरा मात्र रात्री नको.

एका गोधडीला किती वेळ लागतो?

हातशिलाईची, घरची कामं सांभाळून, संक्रांतीपर्यंत पांघरायची असेल तर गणपती उठले की बसा.

धुवायची कशी?

आमच्याकडे घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायची रीत, आणि पूर्वी गोधड्यांचे ढीग गंगेवर जायचे. आता नेऊ नका. नदीच्या पदरात आधीच आपण पुष्कळ घातलं आहे.

मोठ्या टबात गार पाणी, थोडी साबणपूड, तासभर भिजवून पायाने तुडवा. पिळू नका, टाके तुटतात. टबाच्या काठावर दुमडून ठेवा, पाणी निथळू द्या. सहा पदरांची गोधडी ओली झाली की एका माणसाला उचलत नाही, तेव्हा हाताशी कुणीतरी ठेवा. समोरून दार असलेल्या वॉशिंग मशीनमध्ये हलक्या धुण्यावर चालते, मशीन निम्मं मोकळं राहिलं पाहिजे. वाळत घालताना दोन दोऱ्यांवर पसरून घाला. एका दोरीवर लोंबवली तर वजनाने मधोमध ताणते. उलट बाजू उन्हाकडे. पावसाळ्यात धुवायला काढूच नका, आतून ओली राहिली तर बुरशीचा वास बसतो आणि तो जाता जात नाही.

वेळ नाही, कुणाकडून शिवून घेतली तर?

गोधड्या शिवून देणाऱ्या बायका नाशिकमध्ये आणि आसपासच्या गावांत आहेत, ओळखीतून नाव मिळतं. कापड तुम्ही धुऊन, तपासून द्या. ओळींचं अंतर बोटांनी दाखवून ठरवा, 'बारीक टाका' एवढं म्हणू नका. मशीनची हवी की हाताची हे आधी बोला. आणि हातशिलाईचा भाव घासाघीस करून पाडू नका. मॉलमध्ये ठरलेल्या किमतीचं ब्लँकेट मुकाट्याने घेणारी माणसं इथेच का बोलायला लागतात, हे मला कळलेलं नाही.

गोधडी आणि परदेशी क्विल्ट यांत फरक काय?

ढोबळ मानाने क्विल्टचे थर तीन: वरचं जोडकाम, मधलं भरण, खालचं अस्तर. गोधडीत भरण असं वेगळं नसतं, जुनं कापडच पदरावर पदर चढतं. आपल्या जवळची मंडळी म्हणजे बंगालची कांथा, बिहारची सुजनी, राजस्थान-सिंधची रल्ली आणि उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंदी. कवंदीही काठापासून आत शिवत नेतात आणि कोपऱ्यांवर कापडाची फुलं लावतात.

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायका शेतात घालून विटलेल्या कपड्यांची क्विल्ट शिवत. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचं प्रदर्शन लागलं आणि २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. त्यांचे फोटो जरूर बघा. चौकोन वाकडे, पट्ट्या तिरक्या, आणि नजर हटत नाही. आपल्याकडे तीच वस्तू पाहुणे आले की पलंगाखाली ढकलतात. गाडगे महाराजांना लोक गोधडेबाबा म्हणत, तेवढाच काय तो गोधडीचा मान.

गोधडी विरली, काठ फाटले. टाकून देऊ?

काठच आधी जातात, कारण ओढताना हात तिथेच पडतो. जुना गोट, म्हणजे कडेची पट्टी उसवा, तीन इंचांची उरेब पट्टी दुमडून नवा लावा, एका दुपारचं काम. मध्ये विरली असेल तर ठिगळ भोकापेक्षा चार बोटं मोठं घ्या, चारही कडा आत दुमडा आणि सगळ्या पदरांतून टाके घाला. नुसतं वरच्या पदराला लावलेलं ठिगळ महिन्यात सुटतं. सगळीकडेच विरली असेल तर उसवत बसू नका. आहे तशी धुवा, कडक उन्हात वाळवा, वर-खाली एकेक मजबूत साडी घाला आणि या वेळी ओळी चार बोटांवर घ्या, कारण आतले जुने टाके अजून काम करत असतात. सुई मात्र एक नंबर जाड लागेल.